साडेचारशे हॉर्सपॉवर आणि बर्फाचा रस्ता: पाय आणि डोळे कसे शिकवले

थंडीतला पुणेकर (मिनियापोलिस)

नमस्कार मंडळी,

मिनेसोटात येऊन मला सहा वर्षं झाली. पहिली पाच वर्षं पुढच्या चाकांवर चालणारी साधी सेडान होती. गेल्या ऑगस्टमध्ये बरीच वर्षं मनात असलेली गाडी घेतली. दोन दारांची, मागच्या चाकांवर चालणारी, साडेचारशे हॉर्सपॉवरची, मॅन्युअल गिअरची. पाच हिवाळे काढलेत म्हणजे आपल्याला बर्फात गाडी चालवता येते, असं मी धरून चाललो होतो. दोन सकाळींत कळलं की येत नाही.

पहिली सकाळ ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातली. बर्फाचा कणही नव्हता, रस्ता कोरडा, तापमान उणे दोन. सिग्नलला उजवीकडे वळताना दुसऱ्या गिअरमध्ये जरा पाय दिला आणि गाडीची मागची बाजू अर्धी लेन बाहेर गेली. घरी येऊन टायर हाताने दाबून पाहिले, तर रबर पाटीसारखं कडक लागलं. ते उन्हाळी टायर होते. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली त्यांचं रबर ताठरतं आणि पकड सोडतं. कडाक्याच्या थंडीत गाडी नुसती हलवली तरी रबराला चिरा जाऊ शकतात, असं काही टायर कंपन्या लेखी बजावतात. हे मला माहीत नव्हतं, आणि ज्याने गाडी विकली त्यानेही सांगितलं नाही.

दुसरी सकाळ नोव्हेंबरातली. हिवाळी टायर मागवले होते, बसवायला चार दिवसांनंतरची वेळ मिळाली होती. शनिवार होता, दूध आणायला निघालो. रात्री तीन इंच बर्फ पडलेला. आमच्या घराजवळ एक उतार आहे, तो खाली एका आडव्या रस्त्याला मिळतो. ताशी वीस मैलांवर असताना ब्रेक दाबला. एबीएसमुळे (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पेडल तळव्याखाली खडखडायला लागलं, मी घाबरून पाय उचलला. परत दाबला, परत खडखड, परत उचलला. मग स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं. गाडी सरळच गेली, आडवा रस्ता ओलांडून, आणि बर्फ उपसणाऱ्या गाडीने कडेला रचलेल्या ढिगात घुसली. पुढचा बंपर फुटला, मला काही झालं नाही. पण त्या ढिगाजवळ रोज सकाळी शाळेच्या बसची मुलं उभी असतात. शनिवार होता म्हणून नव्हती.

त्या दिवशी ठरवलं की गाडी विकायची किंवा नीट शिकायचं. शिकायचं ठरवलं. तीन महिन्यांत जे कळलं ते लिहितोय, कारण इथे, कॅनडात, युरोपात आपली बरीच मंडळी अशा गाड्या घेताहेत आणि घेताना याबद्दल कोणी बोलत नाही.

आधी आकडे. ताशी ५० किलोमीटरवरून फक्त ब्रेकवर थांबायला कोरड्या डांबरावर साधारण १२ मीटर लागतात. दाबलेल्या बर्फावर ४० च्या आसपास. नितळ, काचेसारख्या थरावर १०० मीटरच्या घरात. त्यात आपण दचकून ब्रेकपर्यंत पाय नेईतो एका सेकंदात आणखी १४ मीटर जातात. यात इंजिन कुठेच येत नाही. टायर आणि रस्ता यांच्यात जेवढी पकड आहे तेवढीच तुमची मिळकत. ती तुम्ही वेग वाढवायला खर्च करा, वळायला करा किंवा थांबायला करा. डांबरावर ही मिळकत इतकी असते की एकाच वेळी वळलो आणि ब्रेक मारला तरी भागतं. बर्फावर ब्रेकमध्येच सगळी संपली तर वळायला काही उरत नाही. त्या उतारावर माझं नेमकं हेच झालं.

म्हणून पहिला नियम: एका वेळी एकच काम. वळणाच्या आधी, सरळ रेषेत असताना वेग कमी करायचा. मग ब्रेक सोडून वळायचं. चाकं सरळ झाली की हळूच ॲक्सलरेटर. आजी काठोकाठ भरलेली कळशी घेऊन विहिरीवरून यायची, ती जशी पाऊल टाकायची तसं. पाणी हिंदकळलं म्हणजे वजन एका बाजूला गेलं, आणि गाडीचंही असंच असतं. ब्रेक लावला की वजन पुढे येतं आणि मागची चाकं हलकी होतात. ॲक्सलरेटरवरून पाय झटकन काढला तरी तेच. मागच्या चाकांच्या गाडीत वळणावर घाबरून पाय काढला की मागची बाजू सुटते ती यामुळे.

आता सराव. डिसेंबरात हिवाळी टायर लागल्यावर एका बंद पडलेल्या दुकानाच्या मोकळ्या आवारात, मालकाची लेखी परवानगी घेऊन, रविवारी सकाळी जायला लागलो. सगळ्यात आधी, तिथे बर्फ नसताना, आवार पायी फिरून पाहिलं. दिव्यांचे खांब, सिमेंटचे उंचवटे, गटाराची झाकणं कुठे आहेत ते कागदावर काढलं. बर्फाखाली हे काही दिसत नाही आणि चाक तिथे आपटलं तर रिम जाते.

पहिले दोन रविवार फक्त ब्रेक. वीस मैलांचा वेग घ्यायचा, ठरलेल्या बादलीपाशी ब्रेक पूर्ण दाबायचा आणि गाडी उभी राहीपर्यंत दाबूनच ठेवायचा. ऐकायला सोपं आहे. पेडल खडखडलं की माझा पाय पहिल्या सकाळी सहा वेळा आपोआप उचलला गेला. मेंदूला माहीत होतं, पायाला नव्हतं. तिसऱ्या रविवारी कुठे तळव्याला ती खडखड ओळखीची वाटायला लागली. एबीएसचं काम चालू आहे, चाकं जाम होत नाहीयेत, म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही थोडं वळता येतं, हे तेव्हा अंगात भिनलं.

जानेवारीत एक दिवसाचा शिकवणीवर्ग केला, गोठलेल्या तळ्यावर आखलेल्या मार्गावर. कृपा करून कोणी आपल्या मनाने तळ्यावर गाडी घालू नका. इथला निसर्गसंपदा विभाग नुसतं चालायलाही किमान ४ इंच जाडीचा पक्का बर्फ सांगतो, गाडीला त्याच्या दुपटीहून जास्त लागतो, आणि एकाच तळ्यात जाडी जागोजागी बदलते. वर्गवाल्यांनी रोज सकाळी भोकं पाडून मोजमाप घेतलेलं असतं.

त्या दिवसातली एकच गोष्ट सांगतो. गाडी घसरली की मी ज्या खांबाला घाबरायचो त्याच्याकडेच बघायचो, आणि गाडी तिकडेच जायची. शिकवणाऱ्या बाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी काही न बोलता मांडीवरचा पुठ्ठा उचलला आणि माझ्यासमोरच्या काचेला लावला. मला खांबच दिसेना. दिसत होती फक्त डावीकडची खिडकी, आणि तिच्यातून मार्गाचा पुढचा भाग. मी तिकडे पाहिलं, हात आपोआप तिकडे वळले, गाडी सावरली. दिवसभरात त्यांनी तो पुठ्ठा चार वेळा लावला. पाचव्यांदा लागला नाही.

बाकीचं प्रतिसादांत लिहीन. तुमचे अनुभव लिहा, चुकलं असेल तर सुधारा.

गोथेनबर्गी

उत्तम धागा. पायाला शिकवावं लागतं हे अगदी पटलं.

इथे स्वीडनमध्ये हे शिक्षण ऐच्छिक नाहीच. भारतातला परवाना इथे रहिवासी म्हणून नोंद झाल्यावर एक वर्ष चालतो, त्यानंतर पहिल्यापासून परीक्षा. लायसन्ससाठी जे दोन जोखीम-वर्ग सक्तीचे आहेत त्यातला दुसरा घसरड्या ट्रॅकवर असतो. पुण्यात बारा वर्षं गाडी चालवलेला मी त्या ट्रॅकवर ५० च्या वेगात अडथळा चुकवायला गेलो आणि पूर्ण गोल फिरलो. मग तेच ४० ला करायला लावलं, गाडी सहज निघाली. फरक १० किलोमीटरचा. वेगाचा वर्ग होतो, त्यामुळे ५० ला गाडीत जी ऊर्जा असते ती ४० ला असते त्याच्या दीडपटीहून जास्त. हे बारावीत पाठ केलं होतं, तिथे पोटात कळलं.

टायरबद्दल: इथे १ डिसेंबर ते ३१ मार्च रस्त्यावर हिवाळी स्थिती असेल तर हिवाळी टायर सक्तीचे. खिळ्यांचे टायर १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल चालतात. खिळे नितळ बर्फावर फार कामाचे, पण उघड्या डांबरावर आवाज करतात, रस्ता खरवडतात आणि हवेत धूळ उडवतात. म्हणून स्टॉकहोमच्या काही रस्त्यांवर त्यांना बंदी आहे. ताकदीच्या गाडीला रोज महामार्गावर जायचं असेल तर मी बिनखिळ्यांचे मऊ रबराचे घेईन.

चिखलवाट

तुमच्या गाडीचा प्रश्न गाडीतच आहे असं मला वाटतं. मागच्या चाकांची गाडी घेतलीत म्हणून हा खटाटोप. चारही चाकांवर चालणारी घ्यायची, विषय संपला. माझी ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे, ऑल-सीझन टायरवर शिकागोत तीन हिवाळे निघाले, एकदाही अडकलो नाही.

गोथेनबर्गी

चिखलवाट, अडकला नाहीत हे खरं, कारण चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी निघते छान. पण थांबताना? ब्रेक प्रत्येकच गाडीला चारही चाकांना असतात. तिथे तुमच्यात आणि धागाकर्त्यांत काहीच फरक नाही, आणि त्यांच्याकडे हिवाळी टायर असतील तर ते तुमच्या आधी थांबतील. वळतानाही तसंच. उलट गाडी इतकी सहज निघते की रस्ता किती निसरडा आहे याची चाहूल लागत नाही आणि वेग नकळत वाढतो. मागच्या चाकांची गाडी सिग्नलवरच सांगते की आज जपून.

एक करून बघा. रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, २५ च्या वेगात एकदा ब्रेक पूर्ण दाबा. किती अंतर जाते ते पाहा. मी रोज सकाळी घराबाहेरच्या गल्लीत हे करतो, त्या दिवसाचा रस्ता कळतो.

चिखलवाट

आज केलं. गल्लीत तीन गाड्यांच्या लांबीत थांबेन असं वाटलं होतं, सात लागल्या. टायर बघायला जातोय. कोणत्या खुणा बघायच्या ते कृपया सांगा.

इसारकाठ (म्युनिक)

टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमफूल असं चिन्ह बघा. ते बर्फावरच्या चाचणीत ठरलेली पातळी गाठल्यावरच मिळतं. नुसतं ‘एम’ आणि ‘एस’ लिहिलेलं असतं त्यावर विसंबू नका, ती अक्षरं कंपनी स्वतःच छापू शकते. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या ‘एम-एस’वाल्यांना हिवाळी टायर मानणं बंद झालं. बर्फ असताना योग्य टायर नसतील तर ६० युरो दंड आणि परवान्यावर एक दंडगुण. इथे एक सोपा हिशोब सगळे सांगतात: ऑक्टोबर ते ईस्टर.

टायरच्या खाचांची खोली मोजा. कायद्याने १.६ मिलिमीटर चालते, पण बर्फात ४ च्या खाली गेलेला हिवाळी टायर मी वापरणार नाही. ऑस्ट्रियात तर ४ च्या खाली तो हिवाळी टायर धरतच नाहीत. सुट्टीत तिकडे जाणाऱ्यांनी आधीच तपासा.

आपल्या गाड्यांसाठी खास मुद्दा वेगाच्या दर्जाचा, म्हणजे टायर जास्तीत जास्त किती वेग सोसतो त्याचा. २५० पळणाऱ्या गाडीला २१० चा दर्जा असलेला हिवाळी टायर लावता येतो, पण मग ती मर्यादा लिहिलेला स्टिकर चालकाच्या नजरेसमोर लावणं इथे बंधनकारक आहे. मऊ रबर आणि ऑटोबानचा वेग यांचं जमत नाही, तेव्हा तो आकडा पाळायचाच.

मॉन्ट्रियलची मावशी

मंडळी, मी आज अठरा वर्षं क्वेबेकात आहे. इथे १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच लावावे लागतात. माझी गाडी लहान पण टर्बोवाली, चारही चाकांची, तीनशेच्या वर ताकद. धागाकर्त्यांनी इंजिनबद्दल फारसं लिहिलं नाही म्हणून लिहिते.

टर्बोची ताकद सरळ रेषेत येत नाही. पाय थोडा दाबला तर काही होत नाही, आणखी थोडा दाबला की एकदम लोंढा येतो. डांबरावर त्यातच मजा असते, बर्फात तोच लोंढा चाकं मोकळी फिरवतो. म्हणून मी वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर चालवते. सुटताना दुसऱ्या गिअरने, क्लच सावकाश सोडून. ऑटोमॅटिक असेल तर स्नो मोड लावा, तो हेच करतो. स्पोर्ट मोडला एप्रिलपर्यंत हात लावू नका.

मॅन्युअलवाल्यांनो, खाली गिअर टाकून वेग कमी करायची सवय असेल तर जपा. आरपीएम न जुळवता दुसरा टाकला आणि क्लच झटक्यात सोडला की इंजिन मागची चाकं धरून ठेवतं. हातब्रेक ओढल्यासारखंच ते. गाडी घसरायला लागली आणि काय करावं सुचेना, तर क्लच दाबा. इंजिनाचं ओढणं थांबतं, चाकं परत फिरायला लागतात.

आणि स्टिअरिंग घट्ट आवळू नका. पोळी लाटताना लाटणं जसं हलकं धरतो तसं धरा. चाकाखाली पकड गेली की स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, ही पहिली सूचना असते. आवळलेल्या हातांना ती कळत नाही.

निघण्यापूर्वी टपावरचा बर्फ सगळा काढा, नाहीतर पहिल्या ब्रेकला तो पुढच्या काचेवर घसरतो. सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे ना बघा. बर्फाने बुजलेलं असताना इंजिन चालू ठेवलं तर विषारी वायू आत येतो, माणसं दगावतात. डिकीत फावडं, घोंगडी आणि वाळूची पिशवी असू द्या.

थंडीतला पुणेकर

मावशी, लाटण्याचं उदाहरण माझ्या शिकवणाऱ्या बाईंना सांगायला हवं होतं. क्लचचा मुद्दा लिहायचा राहून गेला होता, आभार.

चाकांबद्दल माझा अनुभव: गाडी १९ इंची चाकांवर, मागे जास्त रुंद टायर अशी आली होती. हिवाळ्यासाठी १८ इंची वेगळ्या रिम घेतल्या, चारही टायर सारख्या आणि कमी रुंदीचे. रुंद टायर भुसभुशीत बर्फावर तरंगतो, अरुंद टायर तो कापून खाली पोचतो. रिम घेण्याआधी मोठ्या ब्रेकचा कॅलिपर (चाकाची चकती आवळणारा भाग) आत मावतो का ते बघून घ्या. रिम-टायर जोडून तयार ठेवले की ऑक्टोबरात जॅक लावून घरीच बदलता येतात, वेळ मिळण्याची वाट बघावी लागत नाही. माझे ‘चारच दिवस’ तुम्हाला माहीत आहेत.

हवा महिन्यातून दोनदा तपासा. तापमान १० अंश फॅरनहाइटने उतरलं की दाब साधारण १ पीएसआयने उतरतो. सप्टेंबरात बरोबर भरलेला टायर जानेवारीत पाच-सहा पीएसआय कमी निघतो.

नवखा

माझा प्रश्न इलेक्ट्रिक गाडीबद्दल आहे. टोरोंटोत नुकतीच घेतली, ताकदीचीच आहे. एकाच पेडलवर चालवायची सवय झालीये. बर्फात तसंच चालवू का?

गोथेनबर्गी

नवखा, सुरुवातीला तरी नको. पेडलवरून पाय काढला की मोटर ब्रेकचं काम करते आणि ते मोटर ज्या चाकांवर आहे तिथेच होतं. मागे मोटर असलेल्या गाडीत वळणावर पाय झटकन सुटला तर मावशींनी सांगितलेलंच होणार, मागची चाकं धरली जाणार. गाडीचा संगणक ते झपाट्याने सावरतो हे मान्य, पण पकडच नसेल तर तोही काय करील. सेटिंगमध्ये हा परिणाम कमीत कमी ठेवा, ब्रेकसाठी ब्रेकचंच पेडल वापरा. नंतर रिकाम्या जागी दोन्ही प्रकारे चालवून बघा आणि मग ठरवा. इलेक्ट्रिक गाडी जड असते हेही विसरू नका, उतारावर ते जाणवतं.

इसारकाठ

ईएसपी, म्हणजे गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी प्रणाली, तिच्याबद्दल दोन शब्द, कारण ताकदीची गाडी घेतली की ते बटण दाबून बंद करायचा मोह होतोच. ही प्रणाली १९९५ मध्ये पहिल्यांदा मर्सिडीजच्या एस-क्लास मालिकेत आली, आणि अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलांपासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली. ती एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावू शकते. माणसाला एकच पेडल असतं, त्यामुळे तिच्याशी स्पर्धा नाही. रस्त्यावर ती चालूच ठेवा. बंद करायची वेळ एकच, भुसभुशीत बर्फात गाडी रुतली तर. तेव्हा चाक थोडं फिरू द्यावं लागतं आणि प्रणाली ताकद कापून गाडी जागेवर बसवते. गाडी बाहेर निघाली की लगेच परत चालू.

इथे एडीएसी या वाहनचालकांच्या संघटनेच्या प्रशिक्षण केंद्रांत जमिनीत बसवलेली एक हलती पट्टी असते. गाडी तिच्यावरून जाताना ती मागच्या चाकांना आडवा हिसका देते, डावीकडे की उजवीकडे ते आधी कळत नाही, आणि पुढे पाणी मारलेला गुळगुळीत पट्टा. मी तिथे ईएसपी बंद करून दहा वेळा गेलो. सात वेळा गोल फिरलो. चालू करून गेलो तेव्हा दहाही वेळा सरळ निघालो. त्यानंतर रस्त्यावर ते बटण दाबायची इच्छा झालेली नाही.

सावळा घाट (पुणे)

परदेशातल्यांचं वाचून वाटलं की आपल्याकडचंही लिहावं. दरवर्षी हिवाळ्यात पुण्या-मुंबईहून कितीतरी जण स्वतःची गाडी घेऊन मनालीला जातात. २०२० मध्ये अटल बोगदा उघडल्यापासून तर नऊ किलोमीटरचा बोगदा ओलांडला की थेट लाहौलमध्ये, सिस्सूला. बोगद्याच्या मनालीकडच्या तोंडाशी कोरडा रस्ता आणि पलीकडे पांढरा, असं होतं. आपण साठच्या वेगात बाहेर येतो आणि पहिल्या वळणावर गाडी हातची जाते. बोगद्यातून बाहेर पडायच्या आधीच वेग उतरवा.

मी गेल्या जानेवारीत गेलो होतो. आपल्याकडचे नेहमीचे टायर त्या थंडीत कडक होतात. बर्फ पडला की पोलीस बरेचदा फक्त चार बाय चार किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. साखळी ताकद असलेल्या चाकांना लावायची. पुढच्या चाकांची गाडी असेल तर पुढे. माझ्यासमोर एकाने मागे लावली होती आणि गाडी वळतच नव्हती. साखळीवर वेग ३०-४० च्या आतच. कोरडा रस्ता आला की काढायची, नाहीतर तुटून चाकाच्या आतल्या भागाला लागते. बुटक्या गाड्यांना चाक आणि मडगार्डमध्ये साखळीपुरती जागाच नसते, तेव्हा पुस्तिकेत बघून घ्या.

आपल्याला याची अगदीच ओळख नाही असंही नाही. घाटात पहिल्या पावसाच्या दिवशी तेल आणि धूळ मिसळून रस्ता साबण लावल्यासारखा होतो, तेव्हा सगळे जपून चालवतात. कोकणातल्या शेवाळलेल्या अंगणात आपण कसे पाय टाकतो? पूर्ण तळवा टेकवून, छोटी पावलं, घाई नाही. शरीराला माहीत असतं. गाडीत बसलो की विसरतो.

चिखलवाट

चार हिवाळी टायर बसवून आलो. त्याच गल्लीत, तेवढ्याच बर्फावर चार गाड्यांच्या लांबीत थांबलो. धागाकर्ते आणि गोथेनबर्गी, मनापासून आभार. पहिल्या प्रतिसादात मी चुकीचं बोललो होतो.

एक विचारतो, राग नसावा. हिवाळ्यात ही गाडी झाकून ठेवून एखादी जुनी सेडान वापरणं बरं नाही का? मीठही लागतं गाडीला.

थंडीतला पुणेकर

राग कसला, मीही तोच विचार केला होता. जागा आणि पैसा असेल तर ते चांगलंच, आणि मिठाने खालचा पत्रा गंजतो हे खरं. मी दर दहा दिवसांनी खालून धुऊन घेतो. पण माझ्याकडे एकच गाडी आहे. दुसरं म्हणजे, सेडान असतानाही मी असाच पाय उचलला असता. त्या पाच वर्षांत वेळ आली नव्हती एवढंच. जुनी सेडान घेतली तरी पाय हेच असणार.

मिठाचा विषय निघाला म्हणून आणखी एक. साधं मीठ साधारण उणे ९ च्या खाली बर्फ वितळवत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे रस्त्यावर मीठ दिसलं म्हणून उणे पंधराच्या सकाळी निर्धास्त होऊ नये. त्या कडाक्यात इथे एक वेगळंच होतं. सिग्नलला थांबलेल्या गाड्यांच्या धुरातली वाफ रस्त्यावर गोठते आणि नेमका थांबायच्या जागी पातळ काचेचा थर तयार होतो. मागचा-पुढचा रस्ता कोरडा आणि सिग्नलपाशी शंभर फूट काच. दिसत नाही, फक्त डांबर जरा जास्त काळं वाटतं. मी आता प्रत्येक सिग्नलच्या बरंच आधी, कोरड्या भागात वेग उतरवतो.

आणि शून्याच्या आसपासचा बर्फ उणे वीसच्या बर्फापेक्षा जास्त दगा देतो, कारण त्याच्यावर पाण्याचा पापुद्रा असतो. पूल आधी गोठतात, खालूनही थंड हवा लागते म्हणून. पुलावर कुठलंही पेडल बदलू नका. आधीच वेग उतरवून तसेच पलीकडे जा.

नवखा

तुम्ही सांगितलंत तसं सेटिंग बदललं, ब्रेकच्या पेडलवर परत आलो. सवय व्हायला आठवडा लागला. काल गल्लीत मागची बाजू जरा सुटली, तेव्हा मी कडेच्या गाडीकडे न बघता रस्त्याच्या पुढच्या टोकाकडे बघितलं. पुठ्ठा आठवला.

थंडीतला पुणेकर

मंडळी, धागा नऊ महिन्यांनी वर आणतोय. काल रात्री इथे मोसमातला पहिला बर्फ पडला, दोन इंच. टायर १५ ऑक्टोबरलाच बदलले होते.

आज पहाटे, रस्त्यावर कोणी नसताना, त्याच उतारावर गेलो. वरूनच दुसरा गिअर, वेग दहा मैल. अर्ध्यात मुद्दाम ब्रेक पूर्ण दाबून पाहिला. पेडल खडखडलं, पाय तिथेच राहिला. गाडी आडव्या रस्त्याच्या अलीकडे साधारण दोन गाड्यांचं अंतर राखून उभी राहिली. इंजिन बंद करून थोडा वेळ तिथेच बसलो. आज मंगळवार आहे, साडेसातला मुलं येतात.

पण नऊ महिन्यांत पाय बराच विसरलाही आहे. वळणावर एकदा ॲक्सलरेटरवरून झटकन निघाला, मागची बाजू वीतभर हलली. तेव्हा दर मोसमाच्या सुरुवातीला परत पहिल्यापासून सराव हवा असं दिसतंय.

गोथेनबर्गी

मीही हेच करतो, दरवर्षी पहिल्या बर्फाला एक तास. मनापासून अभिनंदन.

हिमालयाची सावली (सेंट पॉल)

इतके दिवस नुसतं वाचत होतो, आज खाते उघडलं. तुमच्यापासून पंधरा मैलांवर राहतो. मागच्या महिन्यात चारशे हॉर्सपॉवरची गाडी घेतली, हा माझा इथला पहिलाच हिवाळा. तुमच्याबरोबर सरावाला येऊ का? बायकोलाही शिकायचंय, तीही चालवते.

थंडीतला पुणेकर

दोघंही जरूर या. त्याच आवाराची परवानगी यंदाही मिळाली आहे, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो. शनिवारी सकाळी साडेसहा. खांबांचा आणि उंचवट्यांचा नकाशा मी आणतो, आधी आपण तिघं पायी एक फेरी मारू. एका वेळी एकच गाडी फिरेल, बाकीचे पदपथावर उभे राहतील. आठ बादल्या माझ्याकडे आहेत. हिवाळी टायर लागलेले असतील तरच गाडी आणा. नसतील तर माझ्या गाडीवर शिका, पण तुमची घरी ठेवा. बूट पातळ तळाचे घाला, जाड बुटांतून पेडल कळत नाही. टायरमधली हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासून या.